दुष्काळ बियाण्याला कसा कळतो? मालदांडीपासून जनुकापर्यंत



अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात बसून दुष्काळावर बोलायचं, हे थोडं विचित्र वाटेल. आपल्याकडे वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या आठवणी पुराच्या आहेत. २६ जुलै २००५ कोणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि शेकडो प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं, ते तर आपल्या दारातलंच. मग इथे अवर्षणाचा विषय कशाला?

कारण दोन आहेत. एक म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच घरांचं मूळ गाव घाटावर आहे. सोलापूर, बीड, लातूर, अहिल्यानगर, सांगली. कोणाचे आजोबा कारखान्यात नोकरीला आले, कोणाचे वडील बांधकामावर आले, आणि त्यांच्या येण्यामागे कुठेतरी एक कोरडं वर्ष आहे. दुसरं कारण असं की वनस्पतीच्या दृष्टीने अवर्षण हे वर्षाच्या बेरजेत नसतं, ते दिवसांच्या मोजणीत असतं. ऑगस्टमध्ये पंधरा दिवस उघडीप पडली आणि भाताचं खाचर भेगाळलं, तर एकूण पाऊस अडीच हजार मिलिमीटर झाला काय किंवा तीन हजार झाला काय, निसवणाऱ्या भाताला त्याचं काय? त्याच्यासाठी दुष्काळ आलेला असतो.

तर आज आपण पाहणार आहोत तो एका प्रश्नाचा इतिहास. पाणी संपत आलंय हे झाडाला कळतं कसं, कळल्यावर त्याच्या जनुकांमध्ये काय घडतं, आणि माणसाने हे शोधून काढायला किती वळणं घेतली. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, वनस्पतीशास्त्राचे नव्हे. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या तपशिलापेक्षा कल्पनांचा प्रवास कसा झाला, याकडे आमचं लक्ष जास्त राहील.

सुरुवातीला दोन शब्द वेगळे करू. अवर्षण आणि दुष्काळ. अवर्षण म्हणजे पाऊस न पडणं. दुष्काळ म्हणजे माणसाला अन्न, पाणी आणि काम न मिळणं. पहिली गोष्ट आकाशात घडते, दुसरी समाजात. १६३० ते ३२ चा दख्खनचा दुष्काळ, १८७६ ते ७८ चा दुष्काळ, १८९६ नंतरची सलग वाईट वर्षं, या सगळ्यांत अवर्षण होतंच. पण माणसं किती मेली हे धान्य कुठे होतं, कोणाच्या ताब्यात होतं आणि सारा माफ झाला की नाही, यावर ठरलं. १८८० च्या दुष्काळ आयोगाने सरकारला शेती खाती उभारायला सांगितलं, ते या अनुभवातून. म्हणजे आपल्याकडच्या शेती संशोधनाचा जन्मच मुळी दुष्काळाच्या पोटी झालेला आहे. हे लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला याचा उपयोग आहे.

आता १९२० च्या दशकात या. मुंबई इलाख्याच्या शेती खात्याचे संचालक तेव्हा हॅरल्ड मान होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे माजी प्राचार्य, आणि एका दख्खनी खेड्याचा अभ्यास करून १९१७ मध्ये पुस्तक लिहिणारे. याच काळात, १९२३ मध्ये, पुण्याजवळ मांजरीला कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची योजना सुरू झाली. पुढे १९३३ मध्ये सोलापूरला कोरडवाहू संशोधन केंद्र निघालं. त्या कामाशी जोडलेलं नाव म्हणजे ना. वि. कानिटकर. त्यांचं भारतातल्या कोरडवाहू शेतीवरचं इंग्रजी पुस्तक १९४४ मध्ये आलं.

या मंडळींचा विचार काय होता? त्यांनी झाडाकडे नंतर पाहिलं, आधी जमिनीकडे पाहिलं. पडलेल्या पावसातलं किती पाणी वाहून जातं, किती मुरतं, किती उन्हाने उडतं, याचा हिशेब मांडला. मग बांधबंदिस्ती, खोल नांगरट, वारंवार कोळपणी, दोन ओळींत जास्त अंतर, अशी पद्धत बसवली. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं शेतकरी म्हणतच होता. त्यांनी ते मोजायला घेतलं.

आणि याच सुमारास, १९३० च्या दशकात, सोलापूर जिल्ह्यात मोहोळला एक निवड झाली. त्या भागात मालदांडी नावाची शाळू ज्वारी पिढ्यान्‌पिढ्या पेरली जात होती. एकाच नावाखाली शेतात थोडी थोडी वेगळी ताटं असायची. त्यातली चांगली ताटं निवडायची, प्रत्येकाचं बी वेगळं ठेवायचं, वेगळं पेरायचं, तुलना करायची. त्या निवडीतून जो वाण पुढे आला तो मालदांडी ३५-१. आजही रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात हे नाव घेतलं की शेतकरी मान डोलावतो. इतकी वर्षं टिकलेला वाण कोणत्याही पिकात विरळाच.

मालदांडी कशी वाढते ते पाहिलं की आपला विषय उलगडतो. रब्बी ज्वारी पेरतात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पाऊस परतीला लागताना. त्यानंतर पाऊस जवळजवळ नाही. काळ्या जमिनीने पोटात साठवलेलं पाणी, एवढीच शिदोरी. थंडी पुढे सरकते तशी वरची माती भेगाळत जाते, ओलावा खाली खाली जातो, आणि पीक पोटरीत येतं, फुलोऱ्यात येतं, दाणा भरतो तो नेमका शिदोरी संपत आल्यावर. म्हणजे हे पीक दरवर्षी, चांगल्या वर्षातसुद्धा, शेवटच्या टप्प्यात अवर्षणात उभं असतं. त्याला दुष्काळ अपवाद नाही, तोच त्याचा नेहमीचा मोसम आहे.

मोहोळच्या माणसांना जनुक म्हणजे रासायनिकदृष्ट्या काय, हे माहीत नव्हतं. जगात कोणालाच नव्हतं. पण कोणतं ताट दाणा भरून देतं आणि कोणतं वाळून आडवं होतं, हे डोळ्यांना दिसत होतं. त्यांच्या आधी ते शेतकऱ्यांना दिसलं होतं. आणि घरातल्या बायकांना भाकरीच्या चवीवरून आणि दावणीच्या जनावरांना कडब्यावरून कळत होतं. अशी ही निवड.

आता १९७२. हे साल महाराष्ट्राच्या हाडांत बसलेलं आहे. सलग वाईट गेलेली वर्षं, आटलेल्या विहिरी, खडी फोडणारी कुटुंबं, सुकडी, आणि रेशनवरची परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती. धान्याचं उत्पादन कोसळलं, पण १८७६ सारखा संहार झाला नाही, कारण हाताला काम आणि कामाला मजुरी मिळाली. वि. स. पागे यांच्या आग्रहातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना आणि १९७७ चा तिचा कायदा, हे त्याचं राजकीय फलित.

त्याच १९७२ साली आणखी दोन गोष्टी घडल्या. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. आणि अमेरिकेत जेकब लेविट यांचं वनस्पती आणि पर्यावरणाचा ताण या विषयावरचं मोठं पुस्तक आलं. त्या काळापासून अभ्यासक झाडाच्या दुष्काळाशी वागण्याच्या तीन तऱ्हा सांगत आले आहेत. आपल्या भाषेत म्हणू: पळणं, टाळणं आणि सोसणं.

पळणं म्हणजे पाणी संपायच्या आत आयुष्य उरकून घेणं. आपल्या शेजारी कर्जतच्या भात संशोधन केंद्राने हळवे वाण काढले, त्यामागे हाही हिशेब असतो. पाऊस लवकर गेला तरी दाणा पदरात पडतो. टाळणं म्हणजे पानाला कोरडेपणा जाणवूच न देणं. मुळं खोल घालायची, पानाची दारं मिटायची. आणि सोसणं म्हणजे आतलं पाणी खरंच कमी झालं तरी पेशी मरू न देणं.

मालदांडी तिन्हीतलं थोडं थोडं करते. पण हे ती कशाच्या बळावर करते? इथून आपण प्रयोगशाळेत शिरू.

पानावर सूक्ष्म छिद्रं असतात, पर्णरंध्रं. त्यांतून हवा आत येते आणि पाणी बाहेर जातं. एकाच दाराने दाणापाणी येतं आणि त्याच दाराने ओलावा जातो. त्यामुळे दार मिटायचं कधी, हा झाडाच्या जगण्यातला मोठा पेच आहे. हा निरोप कोण देतं? १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात फ्रेडरिक ॲडिकॉट आणि त्यांचे सहकारी कापसाची कोवळी बोंडं का गळतात ते शोधत होते. वेल्समध्ये फिलिप वेअरिंग झाडांच्या कळ्या हिवाळ्यात का झोपतात ते शोधत होते. दोघांना एकेक द्रव्य सापडलं आणि १९६५ मध्ये कळलं की ते एकच आहे. त्याचं नाव ॲब्सिसिक आम्ल. १९६९ मध्ये गव्हाच्या कोमेजत्या पानांत हे आम्ल झपाट्याने वाढतं असं दिसलं. बोंडगळीचा शोध घेता घेता दुष्काळाचा निरोप्या सापडला.

निरोप सापडला, पण तो ऐकतं कोण? याला चाळीस वर्षं लागली. २००९ मध्ये अमेरिका आणि जर्मनीतल्या दोन गटांनी तो ऐकणारी प्रथिनं दाखवली. यंत्रणा गमतीची आहे. पेशीत दुष्काळाशी लढणारे कामगार कायम हजर असतात, पण एक पहारेकरी त्यांना बसवून ठेवतो. आम्ल आलं की ते ऐकणारं प्रथिन त्या पहारेकऱ्यालाच धरून बसतं, आणि कामगार मोकळे होतात. ते पर्णरंध्रं मिटवतात आणि केंद्रकात जाऊन शेकडो जनुकं जागी करतात. म्हणजे झाड दुष्काळात नवीन काही शिकत नाही. जे आधीच तयार आहे त्याच्यावरचा अडसर दूर होतो.

ही जागी होणारी जनुकं काय करतात? काही जनुकं पेशीत शर्करा आणि प्रोलीनसारखी द्रव्यं साठवायला लावतात, त्यामुळे पाणी धरून ठेवलं जातं. काही जनुकं संरक्षक प्रथिनं बनवतात. या प्रथिनांचा एक मोठा गट १९८१ च्या सुमारास लिऑन ड्युर यांना कापसाच्या सरकीत सापडला, बी पक्व होऊन वाळताना. ही प्रथिनं नाजूक रेणूंभोवती उभी राहतात आणि पाणी गेल्यावरही त्यांचा आकार बिघडू देत नाहीत. बी वाळूनही जिवंत कसं राहतं, याचं एक उत्तर इथे आहे.

जपानमध्ये काझुको यामागुची-शिनोझाकी आणि काझुओ शिनोझाकी या दांपत्याने पुढचा धागा पकडला. १९९४ मध्ये त्यांनी दुष्काळी जनुकांच्या अलीकडे असलेली अक्षरांची एक छोटी खूण दाखवली, आणि १९९८ मध्ये त्या खुणेवर बसून जनुकं चालू करणारी प्रथिनं, ज्यांना डीआरईबी म्हणतात. एक कळ दाबली की अनेक दिवे लागावेत, तशी ही प्रथिनं. तेव्हा मोठी आशा निर्माण झाली: ही कळ कायम चालू ठेवली तर दुष्काळाला न जुमानणारं पीक मिळेल!

तसं करून पाहिलं गेलं. १९९९ मध्ये त्याच गटाने प्रसिद्ध केलेला निष्कर्ष आम्हाला फार मोलाचा वाटतो. कळ कायम चालू ठेवलेली रोपं अवर्षणात तगली, पण पाणी मुबलक असतानाही खुरटी राहिली. तीच कळ फक्त ताण आल्यावर चालू होईल अशी व्यवस्था केली, तेव्हा रोपं नीट वाढली आणि तगलीही. सतत सावध राहण्याची किंमत असते. जे झाड रोज दुष्काळाच्या भीतीत जगतं, ते चांगल्या वर्षीही उपाशी राहतं. तेव्हा प्रश्न गुणाचा जितका आहे तितकाच वेळेचा आहे.

ही गोष्ट ज्वारीत फार सुंदर दिसते. इथिओपियातल्या ड्युरा गटाच्या ज्वारीपासून अमेरिकेत टेक्ससमध्ये बी-३५ नावाचा वाण तयार झाला. मालदांडीही याच ड्युरा गटातली, म्हणजे दोघी लांबच्या बहिणी. बी-३५ चं वैशिष्ट्य असं की दाणा भरताना पाणी संपलं तरी तिची पानं हिरवी राहतात, ताट खडखड्या रोगाने कोलमडत नाही. हा गुण एका जनुकात नाही. गुणसूत्रांवरचे चार प्रमुख भाग त्याच्याशी जोडलेले सापडले. हे भाग नेमकं काय करतात? आधी वाटलं की ते पानाला म्हातारं होऊ देत नाहीत. पण २०१४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या कामातून वेगळंच दिसलं. ही झाडं सुरुवातीलाच फुटवे कमी काढतात, पानांचा पसारा आवरता ठेवतात, म्हणून जमिनीतलं पाणी कमी उपसतात. ते पाणी फुलोऱ्यानंतर कामी येतं. म्हणजे जानेवारीत दिसणारी हिरवाई ही ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या काटकसरीचं फळ असते. आपल्या आज्या घर चालवायच्या तसंच हे.

त्याच वर्षी मालदांडी ३५-१ आणि बी-३५ यांच्या संकरातून हे भाग शोधणारं भारतीय संशोधनही प्रसिद्ध झालं. त्याआधी २००९ मध्ये ज्वारीचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला होता, सुमारे ७३ कोटी अक्षरांचा. मोहोळच्या शेतात डोळ्यांनी केलेली निवड आणि यंत्राने वाचलेली अक्षरं अशी ऐंशी वर्षांनी एकमेकांना भेटली. आणि १९७२ ला लाल मिलो ज्या मुलखातून उपाशी माणसांसाठी आली, त्याच मुलखातून पुढे हे आफ्रिकी धन संशोधनासाठी आलं. बियाण्यांच्या इतिहासात देणेकरी आणि घेणेकरी सारखे बदलत असतात.

भाताचंही एक उदाहरण घ्या, कारण आपला मुलूख भाताचा. फिलिपिन्समधल्या एका वरकस भाताच्या वाणातून मुळांचा कोन ठरवणारं जनुक सापडलं, २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ते जनुक उथळ मुळांच्या भातात आणलं की मुळं आडवी पसरण्याऐवजी खाली उतरतात, आणि अवर्षणात दाणा जास्त भरतो. म्हणजे 'टाळणं' ही तऱ्हासुद्धा जनुकांत लिहिलेली आहे.

आणि 'सोसणं' पाहायचं असेल तर आपल्याला लांब जायला नको. आपल्या इथूनच मलंगगड, चंदेरी, माथेरानची रांग दिसते. सह्याद्रीतल्या अशा कातळांवर, पठारांवर काही गवतं आणि छोट्या वनस्पती आहेत, ज्या उन्हाळ्यात कागदासारख्या वाळतात आणि पावसाच्या पहिल्या सरींनी पुन्हा हिरव्या होतात. नवं बी रुजत नाही, तेच वाळलेलं पान जिवंत होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पश्चिम घाटात अशा ६२ प्रजाती नोंदवल्या आहेत. भारतात आणि आफ्रिकेत आढळणाऱ्या ओरोपेटियम नावाच्या अशाच एका चिमुकल्या गवताचा जनुकसंच २०१५ मध्ये वाचला गेला. अशा वनस्पतींच्या अभ्यासातून दिसतं ते असं की वाळून जगण्याची बहुतेक साधनं प्रत्येक पिकाकडे आहेतच, पण फक्त बियांत. ज्वारीचा दाणा कणगीत वाळून जिवंत राहतो, ज्वारीचं पान राहत नाही. या गवतांनी बियांसाठी असलेली तीच जनुकं पानांत वापरायला काढली.

इथे आम्हाला आमचा जुना विषय आठवल्याशिवाय राहत नाही. सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीपासून असतंच, ते फक्त प्रकट होतं. न्याय-वैशेषिक म्हणतात, कार्य नव्याने उत्पन्न होतं. दुष्काळ सोसण्याची शक्ती बियाण्यात आधीपासून आहे का? जनुकांकडे पाहिलं तर सांख्यांचं बरोबर वाटतं. पण त्याच मालदांडीचं बी उथळ मुरमाड रानात पेरा आणि खोल काळ्या रानात पेरा. एकीकडे दाणा भरतो, दुसरीकडे भरत नाही. जमीन, ओल, पेरणीची तारीख, शेतकऱ्याचा निर्णय, हे सगळं जमलं तर तो गुण 'घडतो'. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा आणि भारी जमिनीसाठी फुले वसुधा असे वेगवेगळे वाण दिले, त्यातला शहाणपणा हाच आहे. जनुक एकटं काही करत नाही.

म्हणून 'दुष्काळरोधक जनुक' हा शब्द आम्हाला सावधपणे वापरावासा वाटतो. बारामतीजवळ माळेगावला २००९ पासून अजैविक ताणाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. २०२५ च्या मे महिन्यात जनुक-संपादनाने बदललेले भाताचे दोन वाण देशात जाहीर झाले, त्यातल्या एकात अवर्षण आणि क्षार यांच्याशी संबंधित जनुकातच बदल केलेला आहे. हे काम व्हायलाच हवं. त्याला नाकं मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. पण २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते काही ज्वारीच्या जनुकांत कमी पडलं म्हणून नव्हे. कमी पावसाच्या मुलखात ऊस किती लावायचा, भूजल किती उपसायचं, धरणातलं पाणी कोणाला द्यायचं, हे निर्णय झाडाने घेतलेले नव्हते. झाड आपला ताळेबंद ऑक्टोबरातच मांडतं. आपण तो मे महिन्यात मांडायला बसतो.

आणि यात एक खरी हानी चालू आहे. ज्वारीचं क्षेत्र घटत चाललंय. काढणीला माणूस मिळत नाही, भाव मिळत नाही, शहरात भाकरीची जागा चपातीने घेतली. मालदांडीसारख्या वाणांच्या मागे जे शेकडो स्थानिक प्रकार होते, हुरड्याचे वेगळे, लाह्यांचे वेगळे, कडब्याचे वेगळे, ते पेरणं थांबलं की त्यांच्यातली जनुकांची जुळणीही थांबते. शीतगृहात ठेवलेलं बी सुरक्षित असतं, पण ते बदलत्या हवामानात पुढे शिकत नाही. शेतात पेरलेलं बी शिकतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, ही चांगली गोष्ट. पण मानांकनाने बी टिकत नाही, खाणाऱ्याने टिकतं.

आणि खाणारे आपण आहोत. आपला पट्टा ज्वारी पिकवत नाही, पण खातो. घाटावरून आलेल्या घरांत भाकरी आहे, उल्हासनगरच्या सिंधी घरांत ढोढा आहे. बाजारात गेल्यावर ज्वारी कुठली, शाळू आहे का, मालदांडी आहे का, एवढं विचारायला पैसे पडत नाहीत. असं विचारणारी गिऱ्हाइकं वाढली तर दुकानदार विचारेल, आणि दुकानदाराने विचारलं तर मंगळवेढ्याचा शेतकरी ऑक्टोबरमध्ये पाभर बाहेर काढेल.

मघाशी आपण अवर्षण आणि दुष्काळ हे दोन शब्द वेगळे केले होते. अवर्षणाला उत्तर द्यायचं काम वनस्पती फार जुन्या काळापासून करत आली आहे, आणि गेल्या शंभर वर्षांत ते उत्तर आपल्याला थोडंफार वाचता यायला लागलं. दुष्काळाला उत्तर देणं हे मात्र तिचं काम नाही. ते आपलंच आहे, आणि ते कोणत्याही बियाण्यावर ढकलता येणार नाही.

इथे थांबतो.  आता प्रश्न घेऊ या.